पाटीवर काय लिहिलंय ते राहू द्या, फोन कोणाचा येतो ते विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: बी.कॉम. झालंय, तीन वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहात, टॅली, जीएसटी, ई-इन्व्हॉइस सगळं हाताखालून गेलंय, आणि वर्षभरात टॅली जाऊन कंपनीत मोठी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र चालवणारी प्रणाली, यायची आहे. समोर चार वाटा आहेत. कॉलेज रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची 'बिझनेस ॲनालिस्ट'ची जाहिरात, एका बीपीओतली 'प्रोसेस असोसिएट'ची नोकरी, लाखाच्या घरात फी असलेला एसएपी फायकोचा (एसएपी ही एक ईआरपी, फायको तिचा हिशेबाचा भाग) क्लास, आणि भाऊजी म्हणतात तसं डेटा ॲनालिस्टचा कोर्स करून थेट पुणं. शेवटी विचारलंय, 'मॅडम, मी आयटीची की बिझनेसची?'

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तो लवकर संपतो. ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आला नाही की गाडी गेटवर थांबते आणि हाका तुम्हाला मारतात. हे काम आयटीचं की बिझनेसचं? दोन्हींचं. तुम्ही वेशीवरच बसलेल्या आहात, त्यामुळे कोणत्या गावात जायचं हा प्रश्न तितकासा मोठा नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. नोकऱ्यांची नावं ऐकून कामाचा अंदाज येत नाही, आणि तुम्ही नावांची तुलना करताय.

यात तुमचा दोष नाही. मी स्वतः 1998 साली सातपूरच्या एका कारखान्यात लागले तेव्हा नेमणूकपत्रावर 'सिस्टिम्स ॲनालिस्ट' लिहिलेलं होतं. घरी पेढे वाटले. पहिल्या दिवशी ईडीपीच्या, म्हणजे संगणक विभागाच्या, खोलीत गेले तर समोर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फॉक्सप्रोमधला पेरोल आणि भोकं पाडलेल्या कागदाचे गठ्ठे. महिनाअखेरीला पगारपत्रकं छापायची आणि कागद अडकला की सोडवायचा, हे माझं ॲनालिसिस. पुढच्या वर्षी वाय टू केची धावपळ सुरू झाली. दोन आकडी वर्षं चार आकडी करायला प्रत्येक प्रोग्रॅम उघडून बघणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मला बसवलं. त्या आठ-नऊ महिन्यांत मी कारखाना शिकले: रजा कशी मोजतात, बोनस कुठून येतो, ओव्हरटाइमचा आकडा कोण बदलू शकतो. पद मात्र पहिल्या दिवसापासून तेच होतं.

तेव्हापासून कोणी पद सांगितलं की मी दोनच गोष्टी विचारते. काय अडलं की तुम्हाला फोन येतो, आणि कोणाचा? आणि तुमचा पगार कंपनी कोणाला तरी बिल लावून वसूल करते, की तो कंपनीचा खर्च आहे? या दोन उत्तरांतून नोकरीची जात बऱ्यापैकी कळते. पहिला प्रश्न एका प्रसंगातून उलगडते, म्हणजे दहा-बारा पदं एकदम बघता येतील.

सकाळचे साडेदहा. गेटवर तांब्याच्या तारेचा ट्रक उभा आहे. चलनावर वजन 1,200 किलो. स्टोअरमधले काका जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, करायला बसतात, आकडा टाकतात आणि स्क्रीनवर लाल पट्टी येते: मागणीपेक्षा माल जास्त. खरेदीच्या ऑर्डरमध्ये 48 लिहिलंय. ते 48 बॉबिन आहेत, प्रत्येकी साधारण 25 किलोचे. सिस्टिमला एवढंच कळतंय की मागवले 48 आणि आले 1,200. ड्रायव्हर खिडकीतून डोकावतो, 'काका, उतरवू का जाऊ?'

काका पहिला फोन लावतात तो सपोर्टला. जो उचलतो, तिकीट नोंदवतो, 'लॉग आउट करून परत या' म्हणतो, तो एल वन. जाहिरातीत त्याला हेल्पडेस्क, सर्व्हिस डेस्क, टेक्निकल सपोर्ट असोसिएट, काहीही म्हणतात. त्याची कसोटी वेळ आहे: किती मिनिटांत उचललं, किती तासांत बंद केलं. त्याच्याकडून सुटलं नाही की एल टू. तो आत जाऊन ऑर्डर, मटेरियल मास्टर (मालाची मूळ नोंद), युनिट बघतो आणि सांगतो की घोटाळा नग आणि किलोचा आहे. प्रोग्रॅममध्येच हात घालावा लागला तर एल थ्री, किंवा ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं ते.

एकाच वेळी सगळ्या स्क्रीन गोठल्या असत्या तर फोन दुसरीकडे गेला असता: नेटवर्कवाला, सर्व्हर आणि क्लाउड बघणारा, डेटाबेस सांभाळणारा डीबीए. या मंडळींना स्टोअरमध्ये काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं, आणि नसावंच. यंत्रणा चालू आहे का, बॅकअप झाला का, आत कोणी नको ते घुसलंय का, हे त्यांचं जग. तुमच्या पार्श्वभूमीवरून तिथे जाता येतं, पण तीन वर्षांच्या अकाउंट्सचा तिथे उपयोग नाही. म्हणून तुमच्यापुरती ती वाट मी बाजूला ठेवते.

आता खरी गंमत. युनिटचा घोटाळा कळला, दुरुस्ती कोण ठरवणार? फंक्शनल कन्सल्टंट. ईआरपीचा एखादा भाग त्याला आतून-बाहेरून माहीत असतो. एसएपीत बोलायचं तर मटेरियलचा एमएम, विक्रीचा एसडी, उत्पादनाचा पीपी, आणि फायनान्स व कंट्रोलिंगचा मिळून फायको. तो कोड लिहीत नाही, सेटिंग बदलतो. तो म्हणेल, 'सोपं आहे, एक बॉबिन बरोबर 25 किलो असं रूपांतर टाकून देऊ.' पाच मिनिटांचं काम. ट्रक आत जातो, सगळे खूश.

हेच मी एका कारखान्यात केलं होतं. वर्षअखेरीला स्टॉक मोजला तर तांबं कागदावर एक आणि काट्यावर दुसरं, फरक काही शे किलोंचा. ऑडिटरसमोर बसायची वेळ आली. मग स्टोअरमध्ये गेले, तर काकांनी ड्रॉवरमधून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. त्यात प्रत्येक बॉबिनचं खरं वजन पेन्सिलनं लिहिलेलं: 24.6, 25.2, 24.8, 25.4. एकही नेमकं 25 चं नव्हतं. मी म्हटलं, 'काका, हे आधी का नाही सांगितलंत?' ते म्हणाले, 'मॅडम, कोणी विचारलंच नाही.'

ती वही उघडायला लावणं, म्हणजेच बिझनेस ॲनालिस्टचं काम. सिस्टिम यायच्या आधी जाऊन विचारायचं: माल कसा येतो, कशात मोजता, अर्धवट बॉबिन परत आली तर काय करता, परत पाठवायची झाली तर कोण सही करतं. ते सगळं अशा भाषेत लिहायचं की काकांनाही पटलं पाहिजे आणि प्रोग्रॅमरलाही कळलं पाहिजे. मग डेव्हलपर प्रत्येक बॉबिनचं वजन टाकायची स्क्रीन बनवतो. मग टेस्टर येतो आणि मुद्दाम शून्य वजन टाकतो, उणे वजन टाकतो, एका ट्रकवर दोन चलनं टाकतो, 48 च्या जागी 49 बॉबिन आणतो. चांगला टेस्टर हा थोडा खोडकर असावा लागतो. अलीकडे तेच तेच तपासायला ऑटोमेशनची स्क्रिप्ट लिहितात, त्यामुळे निव्वळ हातानं क्लिक करण्याच्या नोकरीवर पुढची वीस वर्षं काढता येतील असं मी कोणाला सांगणार नाही. आणि हे सगळं कधी होणार, किती पैशांत, कोण आजारी पडलं तर कोण बघणार, याची उत्तरं प्रोजेक्ट मॅनेजर देतो. त्याला फोन येतो तो मालकाचा.

आता त्याच ट्रकची दुसरी बाजू, जी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तार वेळेवर आली नाही तर वाइंडिंगची लाइन थांबेल, म्हणून प्लॅनिंगवाला फोन करतो. भाव कोणी ठरवला, तो परचेस. ऑर्डर, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, ते अकाउंट्स पेएबल, म्हणजे तुम्ही. महिनाअखेरीला तांब्यावर किती खर्च झाला याचं पत्रक काढतो तो एमआयएस. खर्च का वाढला आणि पुढच्या तिमाहीत किती होईल, हे सांगतो तो फायनान्समधला ॲनालिस्ट. एकाच ट्रकवर इतकी माणसं जगतात.

यातच एमआयएस आणि डेटा ॲनालिस्टचा फरक येतो, जो तुम्ही विचारलाय. आपल्याकडे 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' म्हणजे ठरलेलं पत्रक ठरलेल्या वेळी काढणारा, बहुधा एक्सेलमध्ये. डेटा ॲनालिस्टला प्रश्न मिळतो, पत्रक नाही. 'तांब्याचा खर्च वाढलाय, भावामुळे की भंगारामुळे?' मग तो डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेनं स्वतः डेटा उपसतो, साफ करतो, पॉवर बीआयसारख्या साधनात मांडतो. डेटा उपसायच्या आधी तो जिथून येतो ते पाट खणणारा डेटा इंजिनिअर, आणि पुढचा अंदाज बांधणारी गणितं बसवणारा डेटा सायंटिस्ट. त्या दोन वाटांना प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र जास्त लागतं. पण सावध राहा: 'डेटा ॲनालिस्ट' या नावाखाली एमआयएसचं काम देणाऱ्या जागा भरपूर आहेत.

दुसरा प्रश्न बिलाचा. लोक याकडे लक्ष देत नाहीत, आणि नोकरीचा स्वभाव तर याच्यावरच ठरतो.

आयटी सेवा कंपनीत तुमचे तास ग्राहकाला विकले जातात. टाइमशीट भरायचं, प्रोजेक्टवर असलात तर बिलेबल, नसलात तर बेंचवर, म्हणजे कामाची वाट बघत. वेगवेगळे ग्राहक बघायला मिळतात, शिकायला होतं, पण कोणत्या प्रोजेक्टवर जाल हे तुमच्या हातात कमी. प्रॉडक्ट कंपनीत तास विकत नाहीत, सॉफ्टवेअर विकतात. तिथे तेच सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सुधारायचं असतं. परदेशी बँका-कंपन्यांनी पुणे-बंगळूरला स्वतःची कामं स्वतः करायला केंद्रं उघडली आहेत, त्यांना जीसीसी म्हणतात. पूर्वी कॅप्टिव्ह म्हणायचे. बीपीओत ग्राहकाची एक अख्खी प्रक्रिया तुमच्याकडे येते, बिलं पास करणं, वसुली, खातेबंदी. आणि शेवटी कारखान्यातला आयटी विभाग. तिथे तुम्ही खर्च असता. मंदी आली की पहिला चिमटा तुमच्या बजेटला, पण धंदा आतून कळतो तो तिथेच. नाशकात या शेवटच्या प्रकारच्या जागा अंबड, सातपूर, सिन्नरला विखुरलेल्या आहेत आणि त्यांची जाहिरात क्वचित येते. तोंडोतोंडी भरतात. सेवा आणि जीसीसीच्या मोठ्या संख्येच्या भरत्यांसाठी अजून तरी पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं.

आता नावांच्या फसवाफसवीबद्दल थोडं. 'बिझनेस ॲनालिस्ट' या एका नावाखाली मी चार वेगळी माणसं पाहिली आहेत. एक, वर सांगितलेला, वही उघडायला लावणारा. दुसरा, ॲनालिटिक्स कंपनीत दिवसभर एसक्यूएल आणि एक्सेल करणारा, म्हणजे खरं तर डेटा ॲनालिस्ट. तिसरा, मोठ्या सल्लागार कंपनीतली पहिल्या पायरीची श्रेणी, तिथे काम काहीही असू शकतं. आणि चौथा, जो छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत भेटतो: परदेशी ग्राहकांच्या संकेतस्थळांवर दिवसाला वीस प्रस्ताव टाकून कामं मिळवणारा. त्याला तिथे 'बिडिंग' म्हणतात. काम वाईट नाही, इंग्रजी सुधारतं, कमिशनही असतं. पण ते विक्रीचं काम आहे. दोन वर्षं ते करून तुम्ही रिक्वायरमेंट, म्हणजे ग्राहकाच्या गरजा, लिहिण्याच्या जागेसाठी गेलात तर दाखवायला कागद नसेल.

तसंच 'एक्झिक्युटिव्ह'. अमेरिकेत हा शब्द कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला लावतात, आपल्याकडे नुकत्याच लागलेल्या पोराला. 'असोसिएट', 'ॲनालिस्ट', 'कन्सल्टंट' या अनेक ठिकाणी नुसत्या पगाराच्या पायऱ्या असतात, कामाचा त्यांच्याशी संबंध नसतो. 'मॅनेजर'च्या हाताखाली एकही माणूस नसू शकतो. विक्री, मार्केटिंग आणि बिझनेस डेव्हलपमेंट ही नावंही अशीच सरमिसळ वापरतात. एका वाक्यात सांगायचं तर मार्केटिंग गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतं, विक्री त्याच्याकडून ऑर्डर घेते, आणि बिझनेस डेव्हलपमेंट म्हणजे बहुतेक वेळा विक्रीच, फक्त व्हिजिटिंग कार्ड जरा जाड.

सरकारी वर्गीकरण या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे. भारताचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 सालचं, आणि त्याची चौकट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2008 च्या वर्गीकरणावर बेतलेली आहे. त्यात पदाचं नाव बघत नाहीत, कामं आणि कौशल्याची पातळी बघतात. तुमचंच उदाहरण घ्या. व्हाउचर आणि खातेवहीच्या नोंदी हेच मुख्य काम असेल तर वर्ग 4311, म्हणजे लिपिक. थोडं पुढचं, सहायक पातळीचं हिशेबाचं काम असेल तर 3313. हिशेबाची पद्धत ठरवण्याची जबाबदारी असेल तर 2411, म्हणजे व्यावसायिक लेखापाल. तिन्ही माणसांच्या पाटीवर 'अकाउंटंट'च लिहिलेलं असू शकतं. सॉफ्टवेअरकडे तसंच: गरजा समजून घेऊन प्रणालीची मांडणी करणारा 2511, सॉफ्टवेअर बांधणारा 2512, वापरणाऱ्यांना मदत करणारा सपोर्टवाला 3512. पहिला आकडा 4 चा 3 आणि 3 चा 2 होणं हीच खरी बढती. पत्रावर काय छापलंय ते वेगळं.

आता तुमच्या चार वाटा. इथून पुढे बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. घरी आत्ता किती पैशांची गरज आहे, रात्रपाळी जमेल का, नाशिक सोडायची तयारी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा मी अटींसकट सांगते.

कॉलेज रोडवरची जागा: मुलाखतीला जा, पण एकच मागणी करा. 'यापूर्वीच्या माणसानं लिहिलेला एखादा रिक्वायरमेंटचा कागद बघायला मिळेल का, ग्राहकाचं नाव झाकून?' कागद दाखवला, त्यात प्रश्न, अपवाद, स्क्रीनची चित्रं असली तर नोकरी खरी आहे. 'आमच्याकडे सगळं फोनवरच चालतं' असं उत्तर आलं तर ती बिडिंगची किंवा सगळ्याची थोडी थोडी नोकरी समजा.

बीपीओ: याला लोक उगाच नाक मुरडतात. कोणती प्रक्रिया, ते विचारा. निव्वळ कॉल घेण्याचं असेल तर तुमच्यासाठी नाही. पण अकाउंट्स पेएबल किंवा खातेबंदी, ज्याला ते रेकॉर्ड टू रिपोर्ट म्हणतात, ते असेल तर तुमचं ज्ञान वापरात येतं आणि परदेशी कंपनीची शिस्त शिकायला मिळते. दोन वर्षांनी तिथून दोन दारं उघडतात: टीम लीडर होऊन माणसं सांभाळणं, किंवा 'ट्रान्झिशन', म्हणजे ग्राहकाकडून नवी प्रक्रिया समजून घेऊन इकडे आणणं. दुसरं दार बिझनेस ॲनालिस्टच्या अगदी शेजारचं आहे. अडचण शिफ्टची. अमेरिकेचा ग्राहक असेल तर बहुधा रात्र, ब्रिटनचा असेल तर दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा सुटणं. पाथर्डी फाट्यापर्यंत कॅब सोडते का, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे, लाजू नका विचारायला.

एसएपीचा क्लास: इथे जरा थांबा. एसएपीला मागणी आहे, आणि त्याचं एक कारण साधं आहे. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य सपोर्ट 2027 च्या अखेरीस संपतोय, त्यामुळे कंपन्या 2015 मध्ये आलेल्या एस फोर हाना या नव्या प्रणालीवर जातायत आणि ते काम करायला माणसं लागतायत. पण लागतात ती प्रोजेक्ट केलेली माणसं. क्लासमध्ये स्क्रीन कळते. तुमच्या कारखान्यात जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल परत आल्यावर नोंद कशी होते, ते कळत नाही. आणि कोणी 'आम्ही तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणालं तर तिथून उठा. पीएफच्या यूएएन क्रमांकावर तुमच्या नोकऱ्यांचा इतिहास असतो, पडताळणीत तो बघतात, आणि एकदा खोटं सापडलं की पुढे त्रास तुम्हालाच होतो. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

डेटाचा कोर्स: शिका, पण लाखभर फी भरून नको. एक्सेलमधली पॉवर क्वेरी आणि साधं एसक्यूएल हे दोन्ही घरी बसून, रोज तासभर दिला तर तीन-चार महिन्यांत कामापुरतं येतं. सरावाला डेटा बाहेरून कशाला आणायचा? तीन वर्षांचा खरेदीचा रजिस्टर तुमच्या टॅलीत पडलाय. फक्त साहेबांना विचारून घ्या, आणि पुरवठादारांची नावं व भाव घराबाहेर जाऊ देऊ नका.

आणि आता पाचवी वाट, जी तुम्ही प्रश्नाच्या मधोमध लिहून पुढे निघून गेलात. तुमच्या कंपनीत ईआरपी येतेय! ईआरपी येताना प्रत्येक विभागातून एक 'की युजर' नेमतात. पुरवठादार कंपनीचे कन्सल्टंट येतात तेव्हा त्यांच्यासमोर बसून 'आमच्याकडे असं चालतं' सांगणारा, जुना डेटा साफ करणारा, चाचणीत सही करणारा आणि नंतर बाकीच्यांना शिकवणारा तो. बहुतेक लोक हे काम टाळतात, कारण रोजचं काम सुटत नाही आणि हे वर येतं. साहेबांकडे जाऊन ते मागून घ्या.

काय पडेल तुमच्यावर? एकच पुरवठादार टॅलीत तीन स्पेलिंगनं असेल, तो एक करायचा. सुरुवातीच्या शिल्लका पैशापैशानं जुळवायच्या. मग तुमच्या टेबलावरचे नियम कन्सल्टंटला सांगायचे. उदाहरणार्थ, आयकर कायद्यात 43बी मध्ये एच हे कलम आलं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत, म्हणजे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत, दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च धरता येईना. म्हणजे प्रत्येक पुरवठादाराच्या मास्टरमध्ये तो सूक्ष्म आहे, लघु आहे की मध्यम, ही खूण हवी. मुदत मोजायला माल स्वीकारल्याची तारीख हवी. आणि मुदत संपायच्या आधी यादी निघायला हवी. हे कन्सल्टंटला कदाचित सुचणार नाही. तुम्हाला सुचेल, कारण मार्चमध्ये त्या याद्या तुम्ही हातानं केल्यात. ई-इन्व्हॉइसचंही तसंच. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये 500 कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून सुरू झालेला नियम 1 ऑगस्ट 2023 ला पाच कोटींच्या वरच्यांपर्यंत आला, आणि अंबडच्या गाळ्यागाळ्यांत पोर्टल उघडून बसायची वेळ आली. त्या दिवसांत तुम्ही जे निस्तरलंत ते बिझनेस ॲनालिस्टचंच काम होतं, फक्त त्याला कोणी तसं म्हटलं नाही.

अटी दोन. ईआरपी खरंच येतेय का, की तीन वर्षं 'येतेय'च आहे, ते बघा. करारावर सही झाली का, हे खरेदीवाल्यांना विचारलं की कळतं. आणि साहेब तुम्हाला आठवड्यातले दोन दिवस तरी मोकळे देणार का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल, किंवा घरी आत्ताच जास्त पैसे हवे असतील, तर बीपीओची अकाउंट्सची प्रक्रिया घ्या. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर सिस्टिम चालू होऊन दोन वर्षाखेरी पार पडेपर्यंत जागा सोडू नका. पहिली वर्षाखेर सगळ्यात जास्त शिकवते. त्यानंतर फायकोच्या क्लासला फी भरा. तेव्हा शिकवणाऱ्याला प्रश्न तुम्ही विचाराल, आणि त्याला घाम फुटेल. तुमच्या कंपनीत येणारी ईआरपी एसएपी नसली तरी बिघडत नाही. जीआरएन आणि बिल जुळवण्याचं तर्कशास्त्र सगळीकडे तेच असतं, बटणं वेगळी.

शेवटचं, तुम्ही सोबत लिहिलेल्या बायोडेटाबद्दल. त्यात 'अकाउंट्स असिस्टंट, दैनंदिन नोंदी व जीएसटीचे काम' एवढंच आहे. हे वाचून कोणी फोन करणार नाही. तुमच्याच प्रश्नात मधे एक वाक्य आलंय, की महिन्याला तीनशेच्या आसपास बिलं जीआरएनशी हातानं जुळवायला चार दिवस जायचे, तर तुम्ही एक्सेलची शीट केली आणि आता दीड दिवसात होतं. ते बायोडेटाच्या पहिल्या ओळीत असं लिहा: 'महिन्याला सुमारे 300 खरेदी बिलांची ऑर्डर व जीआरएनशी जुळवणी, त्यासाठी तपासणीची एक्सेल पद्धत स्वतः तयार केली, वेळ चार दिवसांवरून दीड दिवसावर.' शीट कशी चालते ते मुलाखतीत कागदावर काढून दाखवता आली पाहिजे, तेवढा सराव करून जा. 'अकाउंट्स असिस्टंट' हे खाली बारीक अक्षरात राहिलं तरी चालेल.